गोल्ड कोस्टचा पहिला हंगाम (२००९): क्लब मोठ्यांचा, स्पर्धा पोरांची

यारातीरी (धागाकर्ता)

टास्मानियाच्या नव्या फूटी क्लबच्या धाग्यावर खडूस यांनी लिहिलं होतं, "नवा क्लब काढायचाच तर आधी वर्षभर पोरं खेळवा, मग मोठ्यांत या." तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. कारण हा प्रयोग ऑस्ट्रेलियात एकदा नाही, दोनदा करून झालाय. २००९ मध्ये गोल्ड कोस्ट (क्वीन्सलँडमधलं, ब्रिस्बेनजवळचं किनारी शहर) आणि २०१० मध्ये वेस्टर्न सिडनी (आजचे जायंट्स). दोघांनीही सुरुवात टीएसी कपमध्ये केली, म्हणजे १८ वर्षांखालच्या पोरांच्या स्पर्धेत. मला गोल्ड कोस्टमध्ये जास्त रस आहे, कारण तिथे आधी काहीच नव्हतं. नव्हतं म्हणजे होतं, आणि बुडालं होतं. त्यावर खाली येतो.

नवख्यांसाठी थोडक्यात. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. एका बाजूला १८ खेळाडू, मैदान लंबगोल, बहुतेकदा क्रिकेटचंच. प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोनांतून लाथेने चेंडू गेला की गोल, ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला की बिहाइंड, १ गुण. हाताने चेंडू फेकायचा नाही, मुठीने मारून द्यायचा. बाकीचं बघता बघता कळतं.

टीएसी कप ही व्हिक्टोरियातली १९९२ पासूनची स्पर्धा. रस्ते अपघातांची भरपाई देणाऱ्या सरकारी आयोगाने पैसे दिले म्हणून ते नाव. आता प्रायोजक बदलून कोट्स टॅलेंट लीग झालंय. बारा संघ, प्रत्येकाला राज्याचा एकेक पट्टा वाटून दिलेला. मेलबर्नच्या पश्चिमेची पोरं वेस्टर्न जेट्सकडे, जिलाँगची फाल्कन्सकडे, बेंडिगोची पायोनियर्सकडे, मरे नदीकाठची बुशरेंजर्सकडे. या स्पर्धेत कप जिंकणं हे दुय्यम काम. मुख्य काम म्हणजे नोव्हेंबरातल्या ड्राफ्टसाठी, म्हणजे मोठे क्लब क्रमाने नवी पोरं निवडतात त्यासाठी, पोरं तयार करणं. रेलिंगला टेकून वह्या घेऊन उभे असलेले निवडकर्ते हेच खरे प्रेक्षक, बाकी आईबाप.

अशा बारा व्हिक्टोरियन संघांच्या पंगतीत २००९ मध्ये क्वीन्सलँडहून एक पाहुणा येऊन बसला. त्याला धड नावही नव्हतं. 'सन्स' हे नाव २०१० मध्ये ठरलं. एएफएलने, म्हणजे फूटीच्या सर्वोच्च लीगने, परवाना दिला ३१ मार्च २००९ ला, आणि हंगाम त्याच शरद ऋतूत (इथे मार्च ते मे) सुरू झाला. प्रशिक्षक गाय मॅकेना, वेस्ट कोस्टकडून १९९२ आणि १९९४ ची विजेतेपदं जिंकलेला माणूस. विचार करा, दोन प्रीमियरशिप खिशात असलेला प्रशिक्षक, आणि समोर बारावीतली मुलं. २०१० ला हा संघ व्हीएफएलमध्ये गेला, म्हणजे मोठ्यांच्याच पण दुय्यम स्पर्धेत, आणि २०११ ला एएफएलमध्ये. तीन वर्षांत तीन इयत्ता.

माझं म्हणणं असं की तो पहिला हंगाम ज्या कामासाठी होता ते काम त्याने केलं. पुढे जे बिघडलं ते दुसऱ्याच कारणाने. तुम्हाला काय वाटतं?

खडूस

तुमच्या "काम केलं" वर आक्षेप. निकाल बघू. २ एप्रिल २०११, ब्रिस्बेनचं गॅबा मैदान, एएफएलमधला पहिला सामना, समोर कार्लटन. ११९ गुणांनी हार. त्या वर्षी तीन विजय आणि तळाचा नंबर. पुढच्या वर्षीही तीनच. अंतिम आठांत यायला २०२५ उजाडलं! पोरांच्या स्पर्धेत एक वर्ष आणि व्हीएफएलमध्ये एक वर्ष घालवून हे मिळणार असेल तर ती दोन वर्षं कशाला वाया घालवली?

आणि हो, मूळ वाक्य माझंच आहे हे मला ठाऊक आहे. मी तिथे उपरोधाने लिहिलं होतं.

यारातीरी

उपरोध लेखी कळत नाही हो खडूसराव.

२०११ च्या त्याच यादीत २३ एप्रिलही आहे. अ‍ॅडलेडला पोर्ट अ‍ॅडलेडविरुद्ध ४० गुणांनी मागे असताना ३ गुणांनी जिंकले. बहुतेकांचा एएफएलमधला फार तर चौथा सामना. एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या पोरांशिवाय असं पुनरागमन होत नाही, हे माझं मत.

कुंटेकाका_पुणे

विषय नवीन आहे, वाचतोय. एक तुलना सुचली. २०११ लाच आयपीएलमध्ये आपला पुणे वॉरियर्स आला आणि कोचीचा टस्कर्स. दोघांनी लिलावात तयार माणसं उचलली आणि थेट मोठ्या मैदानात. कोचीचा संघ एका हंगामात संपला, पुण्याचा २०१३ ला. तुमचा गोल्ड कोस्ट त्याच वर्षी आला आणि अजून आहे म्हणता. मग पोरांपासून सुरुवात करणं इतकंही वाईट नसावं.

पण हे कळलं नाही की १८ खालचा संघ मुळात आणला कुठून? ड्राफ्टमधून तर नाही, तो नोव्हेंबरात असतो म्हणालात.

यारातीरी

काका, चांगला प्रश्न. एएफएलने नव्या क्लबला भरपूर सवलती दिल्या होत्या. एक, क्वीन्सलँडमधली पोरं ड्राफ्टशिवाय घ्यायची मुभा. चार्ली डिक्सन हा केर्न्सचा धिप्पाड फॉरवर्ड किंवा उंच रकमन (वर उडवलेल्या चेंडूसाठी झुंजणारा) झॅक स्मिथ याच वाटेने आले. दोन, जानेवारी ते एप्रिल १९९२ मध्ये जन्मलेली बारा मुलं, जी वयाच्या नियमाने एरवी पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टात गेली असती, ती वर्षभर आधी उचलायची मुभा. ती देशभरातून आली आणि २०१० च्या व्हीएफएल संघात सामील झाली. तीन, इतर क्लबांचे करार संपलेले खेळाडू, पण एका क्लबमधून एकच. गॅरी अ‍ॅब्लेट असाच आला जिलाँगहून. चार, २०१० च्या ड्राफ्टमध्ये पहिले तिन्ही क्रमांक, मग ५, ७, ९, ११, १३, १५.

२००९ च्या संघाचा कणा पहिल्या वाटेतून आलेला, म्हणजे स्थानिक. म्हणूनच मला तो हंगाम बाकीच्यांपेक्षा वेगळा वाटतो.

सदू_ब्रिस्बेन

मी इतकी वर्षं ब्रिस्बेनमध्ये काढलीत, त्यामुळे राहवत नाही.

मेलबर्नकरांना एक कधी कळत नाही. इथे फुटबॉल म्हणजे रग्बी लीग. शाळेत लीग, पबमध्ये लीग, कामावर सोमवारी लीग. गोल्ड कोस्टला २००७ मध्येच एनआरएलचा, म्हणजे रग्बी लीगच्या मोठ्या स्पर्धेतला, टायटन्स संघ आला होता. त्यात दोन वर्षांनी कुणी सांगतंय की आमचा पण क्लब येतोय, सध्या १८ खालची पोरं खेळतायत, नाव नंतर कळवू. लोक हसायचे. तिकीट काढून बघायला कोण जाणार?

आणि "बुडालं होतं" ते यारातीरींनी अजून सांगितलंच नाही, मी सांगतो. १९८७ मध्ये ब्रिस्बेन बेअर्स नावाचा संघ व्हीएफएलमध्ये आला (तेव्हा आजच्या एएफएललाच व्हीएफएल म्हणत). नाव ब्रिस्बेन, मैदान गोल्ड कोस्टचं कॅरारा. मागे ख्रिस्टोफर स्केस हा उद्योगपती, जो पुढे दिवाळखोर होऊन मायोर्काला पळाला. पहिला सामना मेलबर्नला जाऊन नॉर्थ मेलबर्नविरुद्ध जिंकले आणि सगळ्यांना वाटलं जमलं. कसलं जमतंय. इतर क्लबांनी सोडून दिलेले खेळाडू गोळा केलेले, गावात कुणाचं त्यांच्यावर प्रेम नाही. १९९३ ला गॅबावर गेले, १९९६ च्या शेवटी फिट्झरॉयमध्ये विलीन झाले, आज ते ब्रिस्बेन लायन्स. तेव्हा गोल्ड कोस्टवर परत संघ काढताना एएफएलच्या मनात बेअर्सची धास्ती असणारच. तयार खेळाडू विकत घेऊन गावावर लादायचे नाहीत, गावच्या पोरांपासून सुरू करायचं, हा धडा तिथला.

मधे नॉर्थ मेलबर्नलाच उचलून इथे आणायचा घाट घातला होता. त्यांनी डिसेंबर २००७ मध्ये नाही म्हटलं. मग नवा क्लब काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणजे पोरांची स्पर्धा हा काही फार मोठा दूरदृष्टीचा बेत नव्हता, दुसरा पर्याय उरला नव्हता हेही खरं.

खडूस

सदूशी सहमत, विशेषतः शेवटच्या ओळीशी.

आणि जुलै २००९ चं काय? स्थानिक पोरांचा हंगाम ऐन मध्यावर असताना क्लबने पत्रकार परिषद घेतली ती कुणासाठी? ब्रिस्बेन ब्रॉन्कोजच्या कार्मायकेल हंटसाठी. रग्बी लीगचा माणूस! वर्तमानपत्रांची पहिली पानं त्याला. त्या पोरांची बातमी कुठल्या कोपऱ्यात होती ते शोधून दाखवा.

सदू_ब्रिस्बेन

हंटबद्दल वाईट बोलू नका. २०१२ मध्ये केर्न्सला रिचमंडविरुद्ध सायरन वाजल्यावर त्याने गोल मारून सामना जिंकून दिला होता, ते दृश्य इथली लीगवाली मंडळीसुद्धा सांगतात. पैसे वसूल झाले की नाही ते सोडा, पण इथे लोकांना फूटी बघायला लावायचं काम त्याने केलं.

स्मिता_टार्नेट

तुमची चर्चा छान चाललीय, पण पोरांच्या स्पर्धेबद्दल बोलताय आणि पोरांबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितेय.

माझी मुलगी आमच्या भागातल्या एका नव्या ज्युनियर क्लबमध्ये खेळते. टीएसी कप वगैरे नाही, त्याच्या खूप खालची पायरी. त्या वयोगटात क्लबचाही तो पहिलाच हंगाम होता. अर्ध्या आईबापांना नियम माहीत नव्हते. पंजाबी, तेलुगू, फिलिपिनो, सोमाली, आम्ही दोन मराठी घरं. गोल अंपायर कमी पडले तर पालकांतून कुणीतरी पांढरा कोट घालून झेंडे घेऊन उभं राहायचं. माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा ते काम केलं तेव्हा बिहाइंडला दोन्ही झेंडे वर केले (दोन म्हणजे गोल) आणि पलीकडचे लोक ओरडले. क्वार्टर संपला की कापलेली संत्री घेऊन पळायचं काम माझं. लहान गटांत गुणतक्ता ठेवतच नाहीत इथे, आणि मला वाटायचं की मग पोरींना जिंकलो की हरलो कसं कळणार. त्यांना बरोब्बर कळतं. गाडीत बसल्याबसल्या सांगतात.

मुद्दा हा की पहिल्या हंगामात क्लबला काय मिळतं ते मी बघितलंय. वेळापत्रक सांभाळणारा एक माणूस मिळतो. मैदानाच्या चाव्या कुणाकडे ते ठरतं. रविवारी सकाळी आठला कोण येणार आणि कोण फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा देणार ते कळतं. दुसऱ्या वर्षी अर्धं काम आपोआप होतं. मोठा क्लब असला तरी माणसंच ना? फिजिओ, किट सांभाळणारे, विमानाची तिकिटं काढणारे, यांनाही एक कच्चं वर्ष लागतंच की. कार्लटनसमोर उतरायच्या आधी चुका करून घ्यायला याहून स्वस्त जागा कुठली?

अनिकेत_सिडनी

स्मिताताई +१. मी हेच लिहिणार होतो, पण इतकं नीट जमलं नसतं.

आता आमच्या जायंट्सचं. २०१० ला टीएसी कप, प्रशिक्षक अ‍ॅलन मॅकॉनेल. मुख्य प्रशिक्षक म्हणून केव्हिन शीडीची घोषणा आधीच झालेली होती, पण पोरांना शिकवायला मॅकॉनेल. सुरुवातीचा तळ ब्लॅकटाउनला. २०११ ला एनईएएफएल ही मोठ्यांची दुय्यम स्पर्धा, २०१२ ला एएफएल. पहिल्या वर्षी दोनच विजय, म्हणजे गोल्ड कोस्टहून एक कमी. पण २०१६ ला फायनल्समध्ये, म्हणजे अंतिम आठांत, आणि २०१९ ला थेट ग्रँड फायनलमध्ये. तिथे रिचमंडने ८९ गुणांनी धुतलं तो भाग वेगळा, मी तेव्हा मैदानात नव्हतो हे बरंच झालं.

तेव्हा खडूसजी, तीच शाळा, तोच अभ्यासक्रम, आणि दोन वेगळे निकाल. पोरांच्या हंगामाला दोष देऊन कसं चालेल?

खडूस

तोच अभ्यासक्रम नाही. गोल्ड कोस्टच्या चुका बघून जायंट्सनी आपल्या सुधारल्या.

आणि जायंट्सच्या १७ वर्षांच्या पोरांतले किती टिकले? जेरेमी कॅमेरन जिलाँगला जाऊन २०२२ ची प्रीमियरशिप जिंकला. ट्रेलोर कॉलिंगवूडला, शील एसेंडनला.

यारातीरी

इथेच मला यायचं होतं.

गोल्ड कोस्ट सोडून गेलेल्यांची यादी बघा. डिऑन प्रेस्टिया, रिचमंडला जाऊन तीन प्रीमियरशिप. टॉम लिंच, सहकर्णधार होता, रिचमंडला जाऊन दोन. स्टीव्हन मे, मेलबर्नला जाऊन २०२१ ची. जेगर ओमेरा हॉथॉर्नला. अ‍ॅब्लेटने २०१३ चं ब्राउनलो मेडल (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) गोल्ड कोस्टकडून जिंकलं आणि २०१७ च्या शेवटी जिलाँगला परत. या लोकांच्या दुसऱ्या क्लबांतल्या विजेतेपदांची बेरीज केली तर एखाद्या जुन्या क्लबला हेवा वाटेल.

आता यातला २००९ च्या पोरांच्या स्पर्धेतला स्थानिक कुठला? प्रेस्टिया व्हिक्टोरियाचा, काल्डर कॅनन्सकडून खेळलेला. म्हणजे ज्या स्पर्धेत गोल्ड कोस्ट पाहुणा होता तिथल्या यजमानांचा. (२००९ चा कप काल्डरनेच जिंकला.) लिंच व्हिक्टोरियाचा. ओमेरा पश्चिम ऑस्ट्रेलियाचा. अठराव्या वर्षी आईवडिलांपासून विमानाने दोन-चार तास लांब, गावात कुणी ओळखत नाही, दर शनिवारी साठ-सत्तर गुणांनी हार. पहिला करार संपला की घरचा रस्ता. इथे याला घरची ओढ म्हणतात आणि उत्तरेतल्या सगळ्या क्लबांना हा रोग आहे.

स्थानिक पोरांपासून सुरू केलेला क्लब दोन वर्षांत परगावच्या पोरांचा झाला. पहिला हंगाम बरोबर होता, तो मधेच सोडून दिला हे चुकलं.

सदू_ब्रिस्बेन

अर्धंच पटतंय. चार्ली डिक्सन क्वीन्सलँडचाच ना? तोही २०१५ च्या शेवटी पोर्ट अ‍ॅडलेडला गेला. घरची ओढ असती तर केर्न्सचं पोरगं अ‍ॅडलेडला कशाला जाईल? हरणाऱ्या संघाला कंटाळून जातात, सरळ आहे. १७-१८ वर्षांची वीस पोरं एकदम आणलीत आणि त्यांना सांभाळायला पंचविशी-तिशीतले किती? अ‍ॅब्लेटसारखे मोजके. वाघाच्या पिंजऱ्यात दररोज पोरंच टाकली. मॅकेनाने २०१४ पर्यंत ओढलं, मग त्यालाही घालवलं. नंतर ईड, ड्यू, आणि आता हार्डविक.

अवांतर: मार्कस अ‍ॅशक्रॉफ्ट आठवतोय का? लायन्सकडून २००१ ते २००३ सलग तीन प्रीमियरशिप, मूळचा इथल्या साउथपोर्टचा. गोल्ड कोस्टच्या सुरुवातीच्या वर्षांत फूटी विभाग सांभाळायला हाच होता. त्याचा मुलगा विल आज ब्रिस्बेनकडून खेळतो आणि २०२४, २०२५ अशा सलग दोन ग्रँड फायनलमध्ये सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक घेऊन गेला. बापाच्या क्लबमध्ये मुलाला घेता येतं या नियमाने. गोल्ड कोस्टच्या लोकांना यावर बोलायला लावू नका, संध्याकाळ वाया जाते.

कुंटेकाका_पुणे

क्रिकेटवाला म्हणून विचारतो. मैदान एकच, वय एकच, मग ही पोरं क्रिकेट सोडून इकडे येतात की उलटं?

अनिकेत_सिडनी

काका, याचं उत्तर याच कथेत आहे. अ‍ॅलेक्स कीथ. गोल्ड कोस्टला तो त्या १७ वर्षांच्या पोरांमध्ये हवा होता. त्याने व्हिक्टोरियाचा क्रिकेट करार घेतला. प्रथम श्रेणीत खेळला, पण हवं तसं बस्तान बसलं नाही. मग परत फूटीत, अ‍ॅडलेडकडून आणि नंतर वेस्टर्न बुलडॉग्जकडून बचावात खेळला.

तसाही हा खेळ क्रिकेटवाल्यांनीच काढलाय. टॉम विल्सने जुलै १८५८ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगं आखडून बसतात, फुटबॉलचा एखादा क्लब काढा.

कुंटेकाका_पुणे

वा! हे माहीत नव्हतं. म्हणजे क्रिकेटच्या मैदानावर पावसाळ्यात फुटबॉल खेळणारे आम्ही एकटेच नाही.

स्मिता_टार्नेट

यारातीरी, तुमच्या यादीवर एक बोलते. टीएसी कपच्या गुणतक्त्यावरून काहीच ठरवू नका, कुठल्याच वर्षी. मेलबर्नच्या मोठ्या खाजगी शाळांतली पोरं शनिवारी शाळेकडून खेळतात, त्यामुळे एका आठवड्यात ओकली किंवा सँडरिंगहॅम भारी आणि पुढच्या आठवड्यात निम्मा संघ वेगळा. जूनच्या आसपास राज्यांची १८ खालची राष्ट्रीय स्पर्धा लागते, तेव्हा सगळ्यांचे चांगले खेळाडू तिकडे. गोल्ड कोस्टच्या पोरांना त्या वर्षी एक गोष्ट मिळाली जी इतर बाराजणांना मिळत नाही: रोज तेच सोबती, तोच प्रशिक्षक, आणि पुढच्या वर्षी आपण सगळे एकत्रच वर जाणार हा भरवसा. बाकीच्या संघांत प्रत्येक पोरगं ड्राफ्टसाठी स्वतःपुरतं खेळत असतं. शेजारचा पोरगा मित्रही आणि स्पर्धकही. आईबापांना विचारा, काय टेन्शन असतं ते.

मुक्ता_होबार्ट

मूळ टास्मानियाच्या धाग्यावरची मी. उशिरा आले.

आमच्याकडे हे सगळं उलट्या क्रमाने झालंय. १८ खालचा संघ आमचा कधीचाच आहे. नव्वदच्या दशकात टास्सी मरिनर्स टीएसी कपमध्ये खेळायचे, २००२ ला बंद झाले. २०१९ पासून टास्मानिया डेव्हिल्स पूर्ण हंगाम खेळतात. एएफएलचा परवाना मिळाला मे २०२३ मध्ये, मोठ्यांत येणार २०२८ ला. म्हणजे पोरांचा संघ आधी नऊ वर्षं! आणि इथे कुणाला फूटी शिकवावी लागत नाही. दहा डॉलरचं सदस्यत्व जाहीर केलं तर राज्याच्या लोकसंख्येशी ताळमेळ न बसणारे आकडे आले, दोन लाखांच्या वर. भांडण कशावरून? स्टेडियमवरून. मॅक्वारी पॉइंटला छतासकट हवं की नको यावर दोन सख्खे भाऊ बोलेनासे झालेली घरं मी पाहिलीत.

घरची ओढ म्हणाल तर त्याची झळ आम्हाला दुसऱ्या बाजूने बसली. गोल्ड कोस्टने वर्षभर आधी उचललेल्या त्या बारा पोरांत मॅव्हरिक वेलर आणि ल्यूक रसेल दोघं बर्नीचे. बर्नी म्हणजे केवढंसं गाव! आणि आधीच्या पिढीत निक रिवॉल्ट. जन्म होबार्टचा, वाढला गोल्ड कोस्टला, २००० च्या ड्राफ्टात पहिला क्रमांक, आणि आख्खी कारकीर्द मेलबर्नच्या सेंट किल्डाकडून. तो ड्राफ्टात आला तेव्हा त्याच्या दोन्ही गावांना क्लब नव्हता. तेव्हा गोल्ड कोस्टच्या पहिल्या हंगामाचा हिशेब करायचा तर मी असा करीन: पुढचा रिवॉल्ट घर न सोडता खेळू शकतो का?

यारातीरी

मुक्ता, याचं उत्तर २०२३ मध्ये मिळालं. त्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गोल्ड कोस्टने आपल्याच अकादमीतली चार पोरं घेतली. जेड वॉल्टर ३ नंबरला, ईथन रीड ९, जेक रॉजर्स १४, विल ग्रॅहम २६. सगळी तिथेच वाढलेली. आणि ही अकादमी आता त्याच जुन्या टीएसी कपमध्ये, म्हणजे टॅलेंट लीगमध्ये, हंगामाचा काही भाग खेळते. त्याच २०२३ मध्ये त्यांचा दुसरा संघ व्हीएफएल जिंकला. क्लबचं ते पहिलं मोठं विजेतेपद, आणि तेही मधल्या इयत्तेतलं.

खडूस

अकादमीला ड्राफ्टमध्ये जी सवलत मिळते त्यावर मेलबर्नचे क्लब किती बोंबलतात ते माहीत असेलच. चार पोरं पहिल्या फेरीत, बाकीच्यांनी बघत बसायचं.

पण ठीक आहे. मुक्तांचा हिशेब मला मान्य. तसं मोजलं तर २००९ चा हंगाम फुकट गेला असं मी म्हणणार नाही. १४ वर्षं उशिरा फळला असं म्हणेन. आणि मधल्या १४ वर्षांचं बिल एएफएलने भरलं, जे इतर कुणा क्लबला भरून मिळालं नसतं.

सदू_ब्रिस्बेन

खडूसराव मान्य करतायत, स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

बाकी २०२५ च्या त्या एलिमिनेशन फायनलबद्दल (हरला तो बाहेर) कुणीच नाही लिहिलं? पर्थला फ्रीमँटलविरुद्ध, शेवटच्या मिनिटाला बरोबरी, आणि डेव्हिड स्वॉलोचा बिहाइंड. एका गुणाने जिंकले! स्वॉलो म्हणजे २०१० च्या ड्राफ्टातला पहिला क्रमांक, मूळचा पश्चिम ऑस्ट्रेलियाचाच. बाकी सगळे गेले, हा परगावचा असूनही राहिला. त्याचं ते शेवटचं वर्ष. म्हणजे यारातीरींच्या घरच्या ओढीच्या सिद्धांताला हा मोठा अपवाद, आणि तोही स्वतःच्या घरच्या लोकांसमोर. पुढच्या आठवड्यात ब्रिस्बेनने हरवलं, पण त्या शनिवारी मी लायन्सचा माणूस असून उभा राहून टाळ्या वाजवल्या.

यारातीरी

अपवाद मान्य.

कुंटेकाका_पुणे

पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मुलाकडे मेलबर्नला येतोय. ते पोरांचे सामने बघायला मिळतील का? की तिकीट आधी काढावं लागतं?

स्मिता_टार्नेट

काका, मार्चच्या शेवटी टॅलेंट लीग सुरू होतेच. आमच्या पश्चिमेचा संघ वेस्टर्न जेट्स. सामन्यांची यादी आली की मी इथे टाकते. जाड स्वेटर आणा, मैदानावर वारा बोचतो. आणि गोल अंपायर कमी पडले तर पांढरा कोट आमच्या गाडीत आहे, पण या स्पर्धेत पालकांना उभं करत नाहीत, तेव्हा निश्चिंत बघा.